मुक्या जिवांचा हिशेब कोण देणार?

वसईच्या वाडीत रहाटाची करकर ऐकत वाढलेल्या पिढीला गावचा कोंडवाडा आठवत असेल. परक्या शेतात शिरलेली गुरे तेथे कोंडली जात आणि दंड भरून मालक ती सोडवून नेई. १८७१ च्या कायद्याने चालणारी ही परकीय सरकारची व्यवस्था. तिच्या मुळाशी करुणा नव्हती, पिकांचे रक्षण होते. तरीही आलेल्या जनावराची वहीत नोंद करावी व त्यास चारापाणी द्यावे, असे तो कायदा कोंडवाड्याच्या रखवालदारास बजावीत होता. आज करुणेच्या नावाने कायदे होतात, अनुदाने जाहीर होतात; मात्र आश्रयास नेलेल्या जिवाचे पुढे काय झाले हे सांगणारी वही सामान्य नागरिकाच्या दृष्टीस पडत नाही. आमचे गाऱ्हाणे एवढेच आहे.

महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. २०१५ साली ती बैल व वळू यांनाही लागू झाली. ती योग्य की अयोग्य, हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. परंतु ज्याने शेतकऱ्याची एक वाट बंद केली, त्याने दुसरी वाट दाखविली पाहिजे, हा साधा न्याय आहे. घरभेटीस गेलो असता भाकड गायीकडे बोट दाखवून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हांस विचारले, “फादर, हिला आता कुठं न्यायची?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शासनापाशी असावयास हवे.

शासनाने उत्तर दिलेच नाही असे नव्हे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाने गोशाळांतील देशी गायींच्या पोषणासाठी प्रत्येक गायीमागे दररोज ५० रुपये देण्याचा निर्णय घेतला. त्याचे स्वागत करून आम्ही दोन प्रश्न विचारतो. पहिला असा, की केवळ देशीच का? दूध वाढावे म्हणून जर्सी व होल्स्टीन यांच्या संकरास शासनाच्याच पशुसंवर्धन खात्याने वर्षानुवर्षे उत्तेजन दिले. ती संकरित गायही कत्तलीस वर्ज्य आहे. तिचा गोऱ्हा तर वशिंडाअभावी जोताला बेताचाच. धोरण शासनाचे, बंदी शासनाची. मग भार तेवढा शेतकऱ्याचा, हे कोणते गणित? आणि जखमी गाढव, लंगडा घोडा, म्हातारी म्हैस यांना भूक लागत नाही काय?

दुसरा प्रश्न अधिक कठोर आहे. अनुदान डोकी मोजून मिळते. डोकी मोजणे म्हणजे काळजी मोजणे नव्हे. पन्नास गुरांच्या गोठ्यात शंभर कोंबली तर रक्कम दुप्पट होते, जागा तेवढीच राहते. किती आली, किती मेली, कशाने मेली, पशुवैद्य शेवटचा केव्हा आला, हे विचारल्यावाचून दिलेला पैसा सत्पात्री पडलाच असे कोण म्हणेल? जेथे सेवा निष्ठेने चालते, तेथील सेवकांना या तपासणीचे भय नसावे. उलट त्यांचीच प्रतिष्ठा वाढेल.

देखरेखीसाठी कायद्याची वाण नाही. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे. आजारी जनावरांसाठी राज्यांनी शुश्रूषागृहे नेमावीत, अशी तरतूद त्यात आहे. प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था असावी, असे २००१ चे नियम सांगतात. आपल्या जिल्ह्यातील अशा संस्थेचा पत्ता किती वाचकांना ठाऊक आहे? त्याच १९६० च्या कायद्याने क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्यास जास्तीत जास्त दंड लिहिला तो ५० रुपये! गायीच्या एका दिवसाच्या अनुदानाइतका.

कुत्र्यांचीही हीच कथा. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वे स्थानके येथील भटकी कुत्री हलवून आश्रयस्थानांत ठेवण्याचा आदेश दिला. आदेश एका दिवसात लिहिता येतो. आश्रयस्थानाला जागा लागते, पाणी लागते, डॉक्टर लागतात. ही सोय न करता कुत्री कोंडली, तर रस्त्यावरचे दुःख भिंतीआड जाईल, इतकेच.

“माणसांची पोरे उपाशी, तेथे जनावरांचे लाड कशाला?” असे कोणी म्हणेल. पैसा तर तिजोरीतून जातच आहे. तो नीट लागावा, एवढेच आमचे म्हणणे. व्यवस्था कोलमडली की पहिला फटका गरिबालाच बसतो. मोकाट गुरे खातात ते लहान शेतकऱ्याचे पीक. कुत्रा चावतो तो भल्या पहाटे भाजीची टोपली घेऊन स्थानकाकडे निघालेल्या बाईला.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. अनुदान जात पाहून नव्हे, गरज पाहून द्यावे. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक आश्रयस्थानाने आवक, मृत्यू व उपचार यांची नोंद दर तीन महिन्यांनी दारावर लावावी. तपासणी करणारा पशुवैद्य त्या संस्थेचा आश्रित नसावा. आणि वाचकहो, ग्रामसभेत अथवा नगरसेवकापुढे हा प्रश्न आपणच मांडावयास हवा. ज्यांच्यासाठी हा पैसा खर्ची पडतो, त्यांना हिशेब मागता येत नाही.