श्रद्धा, पुरावा आणि सुज्ञ माणूस

ईश्वर आहे की नाही, हा वाद जुना आहे. परंतु पुराव्यावाचून एखाद्या गोष्टीवर विश्वास ठेवणे योग्य आहे काय, हा त्याहून निराळा प्रश्न होय. आणि ख्रिस्ती धर्मवादी व नास्तिक यांच्या वादात या दोहोंची सदैव गल्लत होत आली आहे. पहिला प्रश्न जगाविषयी आहे, दुसरा माणसाच्या वर्तनाविषयी. पहिल्याचे उत्तर हाती नसतानाही दुसऱ्याचे उत्तर देता येते. किंबहुना न्यायालये आणि विमा कंपन्या ते रोजच देत असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये या दुसऱ्या प्रश्नाची जी चर्चा झाली तिची पातळी पुढे क्वचितच गाठली गेली. त्या चर्चेचा एक धागा आपल्या कोर्टकचेऱ्यांपर्यंत येऊन पोहोचला आहे, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात नसते.

१८६९ साली लंडनमध्ये 'मेटॅफिजिकल सोसायटी' नावाचे मंडळ स्थापन झाले. सभासदाने निबंध आधी छापून सर्वांकडे धाडावयाचा आणि ठरल्या रात्री भोजनानंतर त्यावर चर्चा व्हावयाची, असा त्याचा परिपाठ होता. (आपल्याकडील परिसंवादांत निबंध आधी वाचून येणारा श्रोता आढळला तर त्याचा सत्कारच करावा लागेल!) पुढे कार्डिनल झालेले रोमन कॅथलिक आर्चबिशप मॅनिंग आणि डार्विनचा कैवार घेणारे टॉमस हक्सले तेथे एका मेजाशी बसत. कवी टेनिसन होते, मुत्सद्दी ग्लॅडस्टन होते, आणि नाणेबाजारावरील ग्रंथामुळे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले वॉल्टर बॅजटही होते. स्वतःस आस्तिक वा नास्तिक यांपैकी काहीच म्हणवून घेता येईना म्हणून हक्सले यांनी 'अज्ञेयवादी' या अर्थाचा नवा इंग्रजी शब्द घडविला, तो याच सुमारास.

या मंडळापुढे एप्रिल १८७६ मध्ये विल्यम किंग्डन क्लिफर्ड या तरुण गणितज्ञाने विश्वासाच्या नीतीवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो प्रसिद्ध झाला. क्लिफर्ड हे केंब्रिजमध्ये असताना कडवे आंग्लिकन होते, पुढे त्यांची श्रद्धा गेली. त्यांनी दिलेला दृष्टान्त असा : एक जहाजमालक परदेशी स्थायिक होण्यास निघालेल्या कुटुंबांना घेऊन जाणारे आपले जहाज हाकारण्याच्या बेतात आहे. जहाज जुने आहे, मुळात बांधणीही बेताचीच आहे, दुरुस्ती हवी असे त्याला सुचविलेही गेले आहे. परंतु दुरुस्तीस खर्च येतो. तेव्हा तो स्वतःची समजूत घालतो की, हे जहाज आजवर इतक्या सफरींतून सुखरूप परतले, या वेळीही परतेल. शिवाय मायभूमी सोडून निघालेल्या या गरीब जिवांचा सांभाळ परमेश्वर करीलच. होता होता त्याचा खरोखरच विश्वास बसतो. निश्चिंत मनाने तो जहाजाला निरोप देतो आणि ते समुद्राच्या तळाशी गेल्यावर विम्याचे पैसे उचलतो.

क्लिफर्ड विचारतात, हा मालक दोषी नाही काय? त्याचा विश्वास प्रामाणिक होता, हे मान्य. परंतु हाती असलेल्या पुराव्यावरून तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकारच नव्हता. जहाज सुखरूप पोहोचले असते तरीही तो तितकाच दोषी ठरला असता, फक्त त्याचा दोष उघडकीस आला नसता. यावरून क्लिफर्ड यांनी सिद्धान्त काढला तो असा की, अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणे हे कोणीही, कोठेही आणि केव्हाही केले तरी गैरच होय. हा दृष्टान्त केवळ पुस्तकी म्हणता येणार नाही. १८७० साली सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी निघालेल्या मोहिमेत क्लिफर्ड होते आणि त्यांचे जहाज सिसिलीच्या किनाऱ्यापाशी फुटले होते. ते त्यातून वाचले, पण क्षयाने १८७९ साली वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांना गाठले.

ख्रिस्ती बाजूकडून याला निरनिराळी उत्तरे आली. माणसाचा आपल्या स्मरणशक्तीवर जो विश्वास असतो त्याला तरी पुरावा कोणता, असा विल्यम जॉर्ज वॉर्ड या कॅथलिक तत्त्वज्ञाचा सवाल होता. कारण स्मरणशक्ती विश्वसनीय आहे हे सिद्ध करावयाचे तर स्मरणाचाच आधार घ्यावा लागतो. एकेक अपुरी अशी अनेक अनुमाने एकाच दिशेने येऊन मिळाली म्हणजे माणसाची खात्री पटते, हे न्यूमन यांनी १८७० च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. परंतु सर्वांत गाजले ते उत्तर वीस वर्षांनी अमेरिकेतून आले. विल्यम जेम्स यांनी १८९६ साली असा युक्तिवाद केला की, काही निवडी टाळताच येत नाहीत. पुराव्याची वाट पाहत थांबणे हाही तेथे एक निर्णयच असतो आणि त्याचीही किंमत मोजावी लागते. ज्याला खोट्यापासून दूर राहण्याचीच काळजी तो असत्यातून सुटतो खरा, पण सत्यालाही मुकण्याचा संभव असतो. मैत्रीचे उदाहरण घ्या. समोरचा माणूस भला असल्याचा पुरावा मिळाल्याखेरीज मी एक पाऊलही पुढे टाकणार नाही, असे म्हणणाऱ्याला मित्र कधी लाभत नाही. जो पर्याय मनाला खरोखर शक्य वाटतो, जो टाळता येत नाही, ज्यात पणाला लागलेली गोष्ट मोठी आहे आणि बुद्धीला ज्याचा निकाल लावता येत नाही, तेथे श्रद्धेचा कौल घेण्याचा माणसाला हक्क आहे, असे जेम्स यांचे म्हणणे.

जेम्स यांनी आपल्या व्याख्यानाचा शेवट ज्या उताऱ्याने केला, तो सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या १८७३ च्या ग्रंथातला आहे. हिमवादळात डोंगरातल्या खिंडीत सापडलेल्या वाटसरूंचे ते चित्र होय : थांबले तर गोठून मरतील, चुकीची वाट धरली तर कडेलोट होईल, आणि बरोबर वाट आहे की नाही हेही त्यांना ठाऊक नाही. हे स्टीफन कोण? व्हाइसरॉयच्या कौन्सिलात १८६९ ते १८७२ या काळात कायदेमंत्री असलेले, आणि १८७२ चा भारतीय पुराव्याचा कायदा ज्यांनी सिद्ध केला तेच हे गृहस्थ. ज्या ग्रंथातून जेम्स यांनी उतारा घेतला त्याचा बराच भाग हिंदुस्थानातून परतताना बोटीवर लिहिला गेला. मायदेशी आल्यावर ते मेटॅफिजिकल सोसायटीचे सभासद होते आणि १८७५ साली चमत्कारांच्या शाबितीवर त्यांनी तेथे निबंधही वाचला होता. त्यांची स्वतःची ख्रिस्ती श्रद्धा पुढे उरली नाही.

वकिलाच्या कारकुनालाही पाठ असलेली या कायद्यातील 'शाबीत' या शब्दाची व्याख्या या पार्श्वभूमीवर वाचून पाहावी. न्यायालयाला एखादी गोष्ट अस्तित्वात आहे असे वाटले, किंवा ती इतकी संभवनीय वाटली की त्या विशिष्ट परिस्थितीत सुज्ञ माणसाने ती आहे असे धरून वागावे, तर ती शाबीत झाली, असा तिचा आशय आहे. येथे गणिती खात्रीची अपेक्षा नाही. कसोटी आहे ती कृतीची आणि परिस्थितीची. म्हणूनच तीच व्याख्या दिवाणी दाव्यात अधिक संभवनीय पक्षाच्या बाजूने झुकते, आणि माणसाला फासावर चढविण्याचा प्रश्न आला की वाजवी शंकेचा लेशही सहन करीत नाही. चुकीची किंमत वाढली की पुराव्याची अपेक्षा वाढते. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, परंतु सुज्ञ माणूस तेथेही आपल्या जागी आहे.

त्या कायद्यात आणखी एक शहाणपण आहे. तेथे 'शाबीत' आणि 'नाशाबीत' याखेरीज 'शाबीत न झालेले' असा तिसरा वर्ग केलेला आहे. ईश्वराच्या वादातील निम्मा गोंगाट या तिसऱ्या वर्गाचे भान न राहिल्याने होतो. ईश्वर शाबीत झालेला नाही, म्हणून तो नाशाबीत झाला, असे काही नास्तिक म्हणतात. तो नाशाबीत झालेला नाही, म्हणून आमचे म्हणणे खरे, असे काही धर्मवादी म्हणतात. दोन्ही तर्क सारखेच लंगडे आहेत. यातही ख्रिस्ती पक्षाची अडचण अधिक, असे आम्हास वाटते. ईश्वराचे अस्तित्व एक वेळ तिसऱ्या वर्गात राहू शकेल, परंतु येशूचे पुनरुत्थान ही घटना म्हणून सांगितली जाते. ते झाले नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे, अशी कबुली संत पौलाने करिंथकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्रात स्वतःच दिली आहे. त्यांच्या प्रामाणिकपणाला ती साजेशीच आहे. पण जी घटना म्हणून मांडली तिला साक्षीपुराव्याचे नियम लागू होणारच. तेथे जेम्स यांच्या हक्काची ढाल पुढे करता येणार नाही, कारण मनाने कितीही कौल दिला तरी घडून गेलेली गोष्ट बदलत नाही.

पास्कालच्या प्रसिद्ध पैजेचा येथे उल्लेख केल्यावाचून अर्थशास्त्राच्या माणसाला राहवत नाही. ईश्वर असण्याचा संभव कितीही थोडा धरला तरी लाभ अनंत आहे, म्हणून विश्वास ठेवणेच फायद्याचे, असा तो हिशेब. अनंत लाभ हिशेबात धरला की कोणताही संभव, कोणतीही किंमत क्षुल्लक ठरते. नेमके याच कारणासाठी हा हिशेब कोणत्याही धर्माला वापरता येतो, आणि कोणत्याही दामदुप्पट योजनेच्या दलालालाही.

तेव्हा क्लिफर्ड आणि जेम्स यांच्यात निवाडा कसा करावयाचा? आमच्या मते दोघांच्या दृष्टान्तांतच त्याचे उत्तर आहे. जेम्स यांच्या खिंडीतील वाटसरू स्वतःचा जीव पणाला लावतो. क्लिफर्ड यांचा जहाजमालक दुसऱ्यांचे जीव पणाला लावतो. त्याचा स्वतःचा तोटा तर विम्याने भरून निघतो. श्रद्धेची किंमत कोण मोजतो, हा खरा प्रश्न आहे. स्वतःच्या आयुष्यापुरता अपुऱ्या पुराव्यावर भरवसा ठेवणाऱ्याला गुन्हेगार म्हणणे हा क्लिफर्ड यांचा अतिरेक होय. परंतु जहाजात दुसरे कोणी बसले की अंतःकरणाची साक्ष पुरी पडत नाही.

हा भेद त्या काळातच कसाला लागला. इसेक्स परगण्यात आणि लंडनमध्ये 'पिक्युलियर पीपल' नावाचा एक ख्रिस्ती पंथ होता. आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी आणि त्याला तेल लावावे, या बायबलातील उपदेशाचा शब्दशः अर्थ घेऊन हे लोक डॉक्टरला बोलावीत नसत. १८६८ साली अशा एका दांपत्यावर मूल दगावल्याबद्दल खटला झाला आणि त्यांची श्रद्धा प्रामाणिक म्हणून ते निर्दोष सुटले. त्याच वर्षी पार्लमेंटने मुलाला वैद्यकीय मदत न देणे हा आईबापांचा अपराध ठरविला, आणि १८७५ साली तशाच दुसऱ्या प्रकरणात बापाची शिक्षा वरिष्ठ न्यायालयाने कायम केली. त्या बापाचे मुलावर प्रेम नव्हते असे कोणी म्हटले नाही. ज्याचा जीव पणाला लागला होता त्याला मात्र कोणी विचारले नव्हते. त्याचे ते वयही नव्हते.

अर्थात, सरकार श्रद्धेत हात घालू लागले की ते कोठे थांबेल, अशी रास्त शंका येथे निघते. ती निराधार नाही, कारण त्याच इंग्लंडात उलट दिशेचा जुलूमही चालू होता. शपथ घेणारा ईश्वराला भितो म्हणून खरे बोलतो, या समजुतीने नास्तिकाची साक्षच १८६९ पर्यंत कोर्टात चालत नसे. ज्याच्याकडे श्रद्धा नाही त्याचा पुरावाही नको, असा तो न्याय! १८८० साली नॉर्दॅम्प्टनमधून निवडून आलेले चार्ल्स ब्रॅडलॉ हे उघड नास्तिक. त्यांना साधी प्रतिज्ञा करू देईनात आणि पुढे ते शपथ घेण्यास तयार झाले तर तीही घेऊ देईनात. मतदार त्यांना पुनःपुन्हा निवडून देत राहिले. मॅनिंग यांनी त्यांच्याविरुद्ध लेखणी चालविली. त्याच मंडळात त्यांच्याबरोबर बसलेल्या ग्लॅडस्टन यांनी मात्र पंतप्रधान या नात्याने १८८३ साली प्रतिज्ञेची मुभा देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने भाषण केले. ग्लॅडस्टन यांच्याइतका श्रद्धाळू ख्रिस्ती त्या सभागृहात क्वचितच दुसरा असेल. विधेयक २८९ विरुद्ध २९२ मतांनी पडले. ब्रॅडलॉ यांना आपल्या जागी बसावयास १८८६ साल उजाडले आणि प्रतिज्ञेचा हक्क सर्वांना १८८८ साली मिळाला. दुसऱ्याच वर्षी हे ब्रॅडलॉ मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनास आले होते. भारताच्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक दृढकथन हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी दिलेले आहेत, आणि यांपैकी कोणता पर्याय का निवडला, याचा जाब कोणी विचारत नाही.