जमिनीखालचे तेल आणि जमिनीवरचा ऊस



गव्हाणीपुढे गाड्यांची रांग लागली की गप्पांना ऊत येतो. तेल शोधणारी माणसे शिवारात भोके पाडतात, बार उडवतात, तारा अंथरतात, असे कोणीतरी ऐकून आलेले असते. मग दुसरा म्हणतो, "आपल्या वावरात तेल लागलं तं मंग कायले लावा लागते ऊस?" सारे हसतात. आम्हीही हसतो. पण तेल लागलेच तर ते कोणाचे, याचे उत्तर त्या रांगेत सहसा कोणाला येत नाही. ते येथे देत आहोत.

अमेरिकेत जमिनीच्या मालकाकडे बहुधा खालच्या खनिजाचीही मालकी असते. टेक्सासमध्ये १९०१ साली स्पिंडलटॉपला तेलाचा फवारा उडाला, तेव्हापासून तिकडचा शेतकरी कंपनीला जमीन करारावर देतो आणि निघालेल्या तेलात हिस्सा घेतो. जुना रिवाज आठव्या हिश्श्याचा. विहीर खोदण्याचा खर्च कंपनीचा. पण म्हणून हा मालक घरी निवांत बसत नाही. शेजारच्या शिवारात विहीर किती खोल गेली, रोज किती पिंपे निघतात, भाव काय लागला, कंपनीने चेकातून कशाकशाची कपात केली, हे तो महिन्याच्या महिन्याला तपासतो. कारण तेलाची विहीर पहिल्या वर्षी जोरात देते आणि मग उतरत जाते. ज्याने पहिल्या वर्षी हिशेब पाहिला नाही, त्याच्या हाती पुढे फार काही राहत नाही.

आपल्याकडे तसे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे खनिजाचा हक्क सरकारचा. सातबारा आपल्या नावे, पण खालचे खनिज आपले नाही. तेल काढण्याचे परवाने केंद्राच्या १९४८ च्या कायद्याखाली दिले जातात. जमिनीवर तेल लागले तर स्वामित्वधन राज्याला मिळते, वावरवाल्याला नाही. तेलाची किंवा वायूची नळवाहिनी वावरातून गेली, तर १९६२ च्या कायद्याप्रमाणे जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के आणि पिकाची नुकसानभरपाई मिळते. तेवढे मात्र मागून घ्यावे, सोडू नये.

खुद्द महाराष्ट्राचेच पाहा. १९७४ साली सागरसम्राट या रिगने मुंबईजवळच्या समुद्रात तेल शोधले आणि १९७६ पासून ते निघू लागले. नाव मुंबईचे, पण समुद्रातले खनिज घटनेच्या कलम २९७ प्रमाणे केंद्राचे, म्हणून त्याचे स्वामित्वधन राज्याला नाही. ते क्षेत्रही आता उतरणीला लागले आहे. उत्पादन सावरण्यासाठी २०२५ साली बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक मदत घ्यावी लागली. आणि आपल्या वाशिम जिल्ह्याखाली तर काळा पाषाण. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला भोक पाडले, तेव्हा सुमारे ३३८ मीटर पाषाण लागला, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर, आणि मग कठीण खडक. पाषाणाखाली दुसरीकडे कुठे जाड गाळ असेल, त्यात तेल असेल, या आशेवर शोध चालतो. तो चालू द्यावा. त्या भरवशावर आपण वावर पडीक ठेवू नये.

आता आपल्या हातातल्या तेलाकडे वळू. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने २०२५ साली गाठला. ते इथेनॉल उसातून येते, मक्यातून येते. म्हणजे पैनगंगेच्या काठचा ऊस हीच आपली तेलविहीर, आणि तिचे मालक आपण भागधारक.

या विहिरीचे गणित साधे आहे. एक टन उसाच्या रसापासून ढोबळ ७० लिटर इथेनॉल निघते. सरकारी दर २०२२-२३ ला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे होता, म्हणजे सुमारे ४,५९३ रुपये. २०२२-२३ ला उसाची एफआरपी टनाला ३,०५० होती, मध्ये उरत होते १,५४३. २०२४-२५ ला एफआरपी ३,४०० झाली, ती वाढायलाच हवी होती. पण रसाच्या इथेनॉलचा दर तेवढाच राहिला आणि मधले अंतर १,१९३ वर आले. त्यातूनच प्रक्रिया, पगार आणि कर्जाचे व्याज भागवायचे. शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंदी आली, आठवड्याभरात ती थोडी सैल झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उठली. कर्जाचे हप्ते मात्र एकही दिवस थांबले नाहीत. एफआरपी वाढली की इथेनॉलचा दरही त्याच प्रमाणात वाढावा, ही मागणी म्हणून साऱ्या कारखान्यांनी एकमुखाने धरली पाहिजे.

पण सरकारला हिशेब विचारणाऱ्याने आपल्या घरचाही विचारावा. वार्षिक अहवाल घरी येतो आणि पुष्कळ ठिकाणी त्यात भाकरी बांधली जाते. वार्षिक सभेत साखर वाटपाची चौकशी होते, उताऱ्याची होत नाही. काही जण म्हणतात, सभासदाला आकडे काय समजतात? आम्हांस हे मुळीच मान्य नाही. ज्या माणसाला आपली बोअर किती फूट गेली, केसिंग किती लागले, पाणी किती इंच आणि कोणत्या महिन्यात आटते हे वीस वर्षांनंतरही तोंडपाठ असते, त्याला टनामागे किती लिटर निघाले आणि लिटरमागे किती खर्च आला हे नक्कीच समजते.

म्हणून आमची सूचना अशी. गाळप, उतारा, इथेनॉलचे लिटर, मिळालेला दर आणि कर्जाची बाकी, हे पाच आकडे दर महिन्याला गटकचेरीच्या फळ्यावर लागावेत. सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे वार्षिक हिशेबपत्रके पाहण्याचा हक्क सभासदाला आहे, तो वापरावा. आणि ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सभेला येताना प्रत्येकाने अहवाल वाचून, निदान एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून आणावा. प्रश्न विचारला म्हणून कोणी विरोधक ठरत नाही. टेक्सासचा मालक थोड्या हिश्श्यासाठी दर महिन्याला हिशेब तपासतो, आणि आपली तर अख्खी विहीर आहे.