चारित्र्याचा दाखला आणि पारधी तरुण

मा. पोलीस महासंचालक,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस



सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी 2005 च्या केंद्रीय कायद्याने चारित्र्य पडताळणी सक्तीची केली. आता इतरही असंख्य कामांवर रुजू होण्याआधी तो दाखला मागतात. पडताळणीला माझा विरोध नाही. नुसती अटक किंवा नुसता नोंदलेला गुन्हा हाच उमेदवाराच्या चारित्र्यावरचा डाग धरला जातो, त्याला आहे.

गावाजवळ दरोडा पडला की पोलिसांची गाडी आधी कुणाच्या पालांकडे वळते, हे आपल्या खात्याला मी सांगायला नको. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारधी, कैकाडी अशा अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांना तारांच्या कुंपणाआड ‘सेटलमेंट’मध्ये ठेवले. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, संशय गेला नाही. पोलीस दप्तरात या, आता विमुक्त म्हटल्या जाणाऱ्या, जमातींच्या माणसांची नावे निव्वळ जातीच्या आकसाने चढवली जातात, असे दाखवणाऱ्या अभ्यासांची दखल सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2024 च्या निकालात घेतली आहे.

अशा दप्तरातून निघालेला दाखला सर्वांना सारखा कसा असेल? संशयावरून उचललेला पारधी तरुण पुढे निर्दोष सुटतो, पण नोकरी तोवर दुसऱ्याला गेलेली असते. त्याची जात कुणी विचारलेली नसते, तरी त्याला बाहेर ठेवले ते जातीनेच.

कृष्णवर्णीय कामगारांनी लढवलेल्या ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्येच सांगितले, की मालकाचा हेतू स्वच्छ असला तरी नोकरीच्या अटीचा परिणाम तपासावा लागेल. केवळ अटकेच्या नोंदीवरून नोकरी नाकारू नये, असे तिथल्या समान रोजगार संधी आयोगाने 2012 मध्ये बजावले. हे परक्यांचे म्हणून बाजूला सारता येणार नाही. लष्करातील महिला अधिकाऱ्यांच्या 2021 च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रिग्जची चर्चा करूनच अप्रत्यक्ष भेदभाव हाही भेदभाव मानला.

म्हणून विनंती अशी, की निर्दोष सुटका झालेले आणि आरोपपत्रापर्यंतही न पोहोचलेले गुन्हे दाखल्यात येऊ नयेत, असे परिपत्रक आपण काढावे. शिक्षा झालेली असेल, तर तिचा त्या कामाशी काय संबंध, हेही पाहिले जावे. आणि प्रतिकूल शेरा मिळालेल्यांत विमुक्त जमातींचे किती, हे जिल्हावार मोजून दरवर्षी जाहीर करावे.

कळावे,
आपला एक नागरिक