अहवाल पोहोचला, शेरा गळाला

सरकारी रुग्णालयांत केसपेपरच्या खिडकीजवळ आता क्यूआर कोडचे फलक दिसू लागले आहेत. मोबाइलवरून कोड स्कॅन केला की नाव, वय, पत्ता आपोआप नोंदवला जातो आणि टोकन मिळते. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा हा रुग्णांना दिसणारा भाग. योजनेचा मूळ हेतू याहून मोठा आहे. चौदा अंकी ‘आभा’ क्रमांकाच्या आधारे आणि रुग्णाच्या संमतीने एका रुग्णालयातील नोंद दुसऱ्या रुग्णालयातील डॉक्टरला पाहता यावी, असा तो हेतू. या नोंदी कुठल्याही एका मध्यवर्ती कोठारात साठवल्या जात नाहीत. जिथे तयार झाल्या तिथेच त्या राहतात आणि मागणी आली की पाठवल्या जातात.

या योजनेवरची चर्चा बहुतेक वेळा गोपनीयतेभोवती फिरते, आणि ती व्हायलाच हवी. मात्र नोंद चोरीला गेली नाही, योग्य डॉक्टरकडे वेळेवर पोहोचली, पण वाटेत तिचा अर्थच बदलला, तर काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

अर्थ बदलण्याची जागा ठरलेली असते. रुग्णालयाच्या सर्व्हरकडे बाहेरून मागणी येते तेव्हा ती वाचण्याचे आणि उत्तर लिहून पाठवण्याचे काम सॉफ्टवेअरचा एक छोटा भाग करतो. त्याला दारावरचा दुभाषा म्हणता येईल. प्रयोगशाळेचे यंत्र एका भाषेत बोलते, रुग्णालयाचा डेटाबेस दुसऱ्या आणि बाहेरचे जग तिसऱ्या. त्यासाठी जगभर ‘एफएचआयआर’ (उच्चार ‘फायर’) हे मानक वापरले जाते. भारतासाठी त्याचे नमुने पुण्याच्या सी-डॅकमधील राष्ट्रीय केंद्राने तयार केले आहेत. पण मानक म्हणजे व्याकरण. दुभाषा घडवतो तो प्रत्येक रुग्णालयाचा सॉफ्टवेअर पुरवठादार, आपल्या डेटाबेसच्या सोयीप्रमाणे आणि अनेकदा ठेक्याची मुदत संपत आलेली असताना.

पोटॅशियमचे उदाहरण घेऊ. रक्तात त्याचे प्रमाण साधारण ३.५ ते ५ असते. ६.८ आले तर डॉक्टर धावपळ करतात, कारण हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पण रक्त घाईने ओढले गेले किंवा बाटली जोरात हलवली गेली की लाल पेशी फुटतात, त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर येते आणि आकडा खोटाच वाढतो. म्हणून तंत्रज्ञ आकड्याखाली शेरा लिहितो : नमुना हिमोलाइज्ड, पुन्हा पाठवा. कागदावर तो शेरा डोळ्यांना दिसतोच. समजा, दुभाष्याला ‘चाचणीचे नाव, आकडा, एकक’ एवढे तीनच रकाने शिकवले आहेत. चौथा रकाना आला की तो काय करतो? बहुतेक वेळा काहीच नाही. तो रकाना गळतो आणि ६.८ तेवढा पुढे जातो. पलीकडच्या डॉक्टरने त्यावर विसंबून इन्सुलिन-ग्लुकोज दिले, तर मुळात ठीक असलेल्या रुग्णाचे पोटॅशियम आणि साखर दोन्ही खाली येऊ शकतात.

ही गळती अपघाताने होते असेही नाही. जावा या संगणकीय भाषेत असे मजकूर वाचण्यासाठी ‘जॅक्सन’ नावाचे साधन सर्रास वापरतात. अनोळखी रकाना दिसला की थांबावे आणि तक्रार करावी, हा त्याचा मूळ नियम होता. पण त्याच्यासह वापरली जाणारी ‘स्प्रिंग बूट’ ही लोकप्रिय चौकट तो नियम सुरुवातीपासूनच बंद ठेवते. ऑनलाइन दुकानासाठी हे सोयीचे आहे. साडीच्या ऑर्डरबरोबर एखादी जादा माहिती आली आणि ती सोडून दिली, तर कोणाचे काही बिघडत नाही. दवाखान्यात बिघडते. तिथे तो नियम मुद्दाम चालू करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी आधी तो बंद आहे हे कुणाला तरी माहीत असावे लागते.

एककांची गोष्ट याहून फसवी आहे. ग्लुकोजचे एकक गळले तर डॉक्टर सावध होतात, ५.५ हा आकडा मिलिग्रॅममधला नाही हे चटकन कळते, १८ ने गुणले की ९९ येतात. कोविडकाळात घराघरांत पोहोचलेल्या डी-डायमरचे तसे नाही. तो दोन पद्धतींनी मोजला जातो, एफईयू आणि डीडीयू, आणि पहिल्यातला आकडा दुसऱ्याच्या सुमारे दुप्पट असतो. डीडीयूमधले ४०० म्हणजे एफईयूमधले साधारण ८००. एफईयूमध्ये ५०० ही नेहमीची मर्यादा. एककाची तीन अक्षरे गळली तर ४०० हा आकडा मर्यादेच्या आत दिसतो आणि रक्ताच्या गुठळीची शंका तिथेच मिटवली जाते. दुप्पट-निम्म्याची चूक डोळ्यांना खटकत नाही, हजारपटीची खटकते.

डेंग्यूच्या हंगामात प्लेटलेट्सचेही असेच. यंत्र म्हणते ४५, म्हणजे ४५ हजार. आपल्याकडच्या लॅब तेच ०.४५ लाख असे छापतात, कारण डॉक्टर आणि नातेवाईक दोघेही लाखातच विचार करतात. ही सवय वाईट नाही. पण दुभाष्याच्या रकान्यात पूर्णांकच बसत असेल तर ०.४५ चा शून्य होतो. ‘२० पेक्षा कमी’ हे दाखवणारे ‘<’ चिन्ह न कळणारा सर्व्हर एक तर रकाना रिकामा सोडतो किंवा सरळ २० लिहितो. एफएचआयआर मानकात दशांशानंतरचे शून्यही अर्थपूर्ण मानले आहे, ०.०१ आणि ०.०१० यांतला फरक म्हणजे मोजमाप किती बारकाईने झाले त्याची खूण. नेहमीची संगणकीय साधने शेवटचे शून्य पुसून टाकतात. ते टिकवायचे तर वाचणारा आणि लिहिणारा भाग खास बदलून घ्यावा लागतो.

नावांची कहाणी आपली स्वतःची आहे. युनिकोडच्या सर्वांत प्रचलित लेखनपद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षरघटकाला तीन. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘चंद्रकांत’ला २७ बाइट लागतात. नावाच्या रकान्याला वीस बाइटची मर्यादा घातली, की उरते ‘चंद्रक’. चंद्रकलाबाईंचेही तेच उरते. एका आडनावाच्या, एका घरातल्या दोघांची केसपेपरवर गल्लत व्हायला एवढे पुरे आहे.

नवजात बाळाच्या बाबतीत घड्याळही घात करू शकते. सर्व्हर बहुधा वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतात. भारत तिच्या साडेपाच तास पुढे. बाळ १२ तारखेला पहाटे ३.१० ला जन्मले आणि उत्तर लिहिताना ‘+०५:३०’ ही खूण गळली, तर कागदावर जन्म ११ तारखेला रात्री ९.४० चा होतो. वाढदिवस चुकला, एवढ्यावर हे थांबत नाही. काविळीत बिलिरुबिन किती चालेल हे बाळाच्या वयाच्या तासांवर ठरते आणि पहिल्या दिवसांत ती मर्यादा तासागणिक वर सरकते. १३ तारखेला दुपारी १२.१० ला रक्त घेतले तर बाळ ३३ तासांचे असते. चुकीच्या नोंदीनुसार ते साडेअडतीस तासांचे ठरते. तोच आकडा मग मर्यादेखाली दिसू शकतो आणि निळ्या प्रकाशाखाली ठेवायला हवे ते बाळ घरी जाते.

हे सारे ‘होऊ शकते’ या सदरातले म्हणून सोडून देण्याजोगे नाही. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने प्रयोगशाळांकडून येणारे कोविडचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरले. त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. पुढच्या ओळी गळाल्या, कुठलीही घंटा वाजली नाही, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद वेळेवर झाली नाही. त्या लोकांना स्वतःचा निकाल कळला होता. त्यांच्या संपर्कातल्यांचा शोध मात्र लांबला. त्याच वर्षी मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशा जनुकांची नावे बदलल्याचे जाहीर केले, कारण एक्सेल त्यांना तारखा समजत होते. सॉफ्टवेअर बदलत नाही म्हणून जनुकाने नाव बदलायचे, हेही विज्ञानात घडले.

यावर उपाय नव्याने शोधायचा नाही. वेबच्या मूळ नियमांतच सर्व्हरला ‘कळत नाही’ म्हणायची सोय आहे. आलेल्या मजकुराचा प्रकार वाचता येत नसेल तर ४१५, मागितलेल्या प्रकारात उत्तर देता येत नसेल तर ४०६. एफएचआयआरने आणखी एक पाऊल टाकले आहे. बाकीच्या नोंदीचा अर्थच पालटू शकेल अशा पुरवणी माहितीवर वेगळी खूण असते. ती खूण समजली नाही तर सर्व्हरने ती नोंद वापरायची नाही, असा नियम आहे. पण रुग्णालयाला नकार आवडत नाही. नकार आला की खिडकीवर रांग थांबते, पुरवठादाराला फोन जातो, आणि पुरवठादार सर्वांत सोपा इलाज करतो : दुभाष्याला अधिक ‘समजूतदार’ बनवतो. म्हणजे न कळलेले गाळायला शिकवतो.

काही ठिकाणी यातून पळवाट म्हणून अहवालाची पीडीएफ जशीच्या तशी पाठवली जाते. संगणकाच्या जाणकारांना ते मागासलेले वाटते. त्या पीडीएफवर ना आलेख काढता येतो, ना सावधगिरीची सूचना उमटते. तरी तंत्रज्ञाचा शेरा तिच्यावर शाबूत असतो, आणि दुभाष्याची परीक्षा झालेली नाही तोवर आकड्यांसोबत पीडीएफही पाठवणे शहाणपणाचे आहे.

परीक्षा कशी घ्यायची हाच आता खरा प्रशासकीय प्रश्न आहे. सॉफ्टवेअर खरेदीच्या निविदेत ‘मानकाशी सुसंगत’ असा शब्द असून भागत नाही. सोपा, नीटनेटका नमुना पाठवून दाखवला की ती अट पूर्ण होते. निविदेत अवघड नमुन्यांचा एक संच घालता येईल : हिमोलाइज्ड शेऱ्यासह पोटॅशियम, डीडीयूमधला डी-डायमर, ०.४५ लाख प्लेटलेट्स, ‘२० पेक्षा कमी’ असा निकाल, पहाटे तीनचा जन्म, चंद्रकांत आणि चंद्रकला. एका सर्व्हरवरून पाठवायचे, दुसऱ्यावर उघडायचे, आणि दोन्ही छापील प्रती शेजारी ठेवून प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाने व वॉर्डातल्या निवासी डॉक्टरने वाचायच्या. एका दुपारचे काम आहे. बिल मंजूर होण्याआधीची दुपार मात्र हवी.