सूप टिकते, पण सूप विणणारा टिकतो का?

दिवाळीला लक्ष्मीपूजनात केरसुणी पुजली जाते. तिला हळदकुंकू वाहिले जाते. पण ती केरसुणी बांधणारा हात शतकानुशतके वेशीबाहेरच ठेवला गेला. सुपाचेही तेच. धान्य पाखडायला सूप, भाकरीला टोपली, तांदूळ धुवायला रोवळी, फुलांना परडी! बुरुडाच्या हातावाचून गावातले एकही घर चालत नव्हते, आणि तरीही बुरुडाचे घर गावाच्या कडेला. वस्तू चालते, वस्तू करणारा चालत नाही, हा या समाजव्यवस्थेचा जुना न्याय आहे.

आज हा प्रश्न नव्या रूपात समोर आला आहे. महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिकबंदी आली. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. शहरातील सुखवस्तू ग्राहकाला आता बांबूची टोपली आणि बांबूची दिव्याची छत्री हवीहवीशी वाटू लागली आहे. ज्या प्लास्टिकच्या घमेल्यांनी आणि टबांनी बुरुडाचा बाजार उठवला, त्याच प्लास्टिकला आता नाके मुरडली जात आहेत. हस्तव्यवसाय 'शाश्वत' कसा करावा यावर शिबिरे भरतात. बांबू किती झपाट्याने वाढतो, मातीत कसा मिसळून जातो, हे तिथे रंगवून सांगितले जाते. पण तो विणणाऱ्या बाईच्या हाती दिवसाकाठी काय पडते, हे कोण विचारतो?

आमच्याकडे अशीच एक बुरूड भगिनी आली होती. शहरातल्या एका दुकानदाराला तिने साठ दिव्यांच्या छत्र्या विणून दिल्या. पाच महिने झाले तरी पैसे नाहीत. फोन केला तर उत्तर मिळाले, "निम्म्या मालाला कीड लागली." आम्ही तिला कागद मागितले. तिने पोराची शाळेची वही पुढे केली. वहीत नुसत्या रेघा. बिल नाही, पावती नाही, मागणीचे पत्र नाही. आम्ही नोटीस पाठवली, निम्मे पैसे सुटले, निम्मे बुडाले. कायदा तिच्या बाजूने होता, कागद तिच्या बाजूने नव्हता! त्या वहीतल्या रेघांनी आम्हाला हा लेख लिहायला लावला.

पहिला मुद्दा किमतीचा. आपण उदाहरणादाखल हिशेब मांडू. समजा एक बांबू 120 रुपयांना पडला. त्यातून एका दिवसात चार टोपल्या झाल्या. रंग, कोयत्याची धार आणि बाजाराचे भाडे मिळून 60 रुपये धरू. टोपली 100 रुपयांना विकली तर 400 रुपये येतात. खर्च वजा जाता दिवसाची कमाई 220 रुपये. आता केंद्र सरकारची 2023 सालची विश्वकर्मा योजना पाहा. तिच्यात टोपली, चटई, झाडू करणाऱ्या कारागिराला प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये विद्यावेतन ठरवले आहे. म्हणजे शिकायला बसलेल्या कारागिराचा दिवस 500 रुपयांचा आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याचा 220 चा! मजुरीचे 500 धरले तर त्याच टोपलीची किंमत 170 रुपये होते. एवढी किंमत मिळत नसेल, तर ग्राहक स्वस्त टोपली घेत नाही. बुरुडाची 280 रुपयांची मजुरी तो फुकट घेतो. आणि कांब्या सोलणाऱ्या, रंगवणाऱ्या घरातल्या बाईचा वेळ या हिशेबात आम्ही धरलेलाच नाही.

म्हणून कारागिराने वहीत पहिला खर्च बांबूचा नव्हे, स्वतःच्या आणि घरातल्या बाईच्या मजुरीचा लिहावा. जो धंदा मजुरी दिल्याशिवायच फायद्यात दिसतो, तो धंदा नव्हे, ते बलुतेच आहे.

दुसरा मुद्दा कच्च्या मालाचा. बांबू हे खरे तर गवत. पण 1927 च्या भारतीय वन कायद्याने त्याला झाडांत बसवले होते. स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेतानाही माणसाला परवान्याची धास्ती असे. 2017 च्या दुरुस्तीने बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. त्याआधी 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात घेतले होते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने सामूहिक वनहक्क मिळवला, आणि 2011 साली बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार तिथल्या ग्रामसभेच्या हाती आला. कालपर्यंत ज्यांच्यावर जंगल चोरल्याचा आळ होता, ते गाव जंगलाचे कारभारी झाले. हे घडू शकते, हे मेंढ्याने दाखवून दिले.

मात्र बुरूड समाज बहुतांशी भूमिहीन आहे आणि अनेक ठिकाणी तालुक्याच्या गावी विखुरलेला आहे. त्याला वनहक्क सहजासहजी लागू होत नाही. वन विभागाकडे नोंदलेल्या बुरूड कामगारांना सवलतीच्या दराने बांबू देण्याची पद्धत आपल्या राज्यात आहे. ती नोंदणी प्रत्येक बुरूड कुटुंबाकडे आहे का, बांबू वेळेवर मिळतो का, हे आपल्या कार्यकर्त्यांनी वस्तीत जाऊन तपासले पाहिजे. कागद गिरण्यांना कवडीमोल दराने बांबू आणि टोपली विणणाऱ्याला बाजारभावाने, हा अन्याय कर्नाटकात कसा चालला ते माधव गाडगीळ यांनी दाखवून दिले होते. जंगल कोणी संपवले आणि दोष कोणाच्या माथी मारला, हे आपण विसरता कामा नये.

तिसरा मुद्दा मालाच्या दर्जाचा. इथे आम्ही आपल्याच माणसांना दोन शब्द स्पष्ट सांगू. दुकानदाराने कीड लागल्याचे निमित्त केले, पण कीड लागतेच हेही खरे. पावसाळ्यात, कोंब फुटत असताना तोडलेला बांबू बेटाचेही नुकसान करतो. तोड पावसाळ्यानंतरच व्हावी. बांबू वाहत्या पाण्यात काही आठवडे भिजवला की त्यातील पिष्ट कमी होते आणि पोखरणारी कीड आवरते. शोभेच्या वस्तूंना बोरिक पावडर आणि बोरॅक्सच्या पाण्याची प्रक्रिया चालते, पण भाकरीच्या टोपलीला रसायन नको. तिला भिजवणे, सुकवणे आणि धुरी देणे हाच उपाय. आपल्या आयाबाया चुलीवरच्या माळ्यावर टोपल्या ठेवत, त्यात हेच शहाणपण होते. ग्राहकाला काय वापरले ते खरे सांगावे. सम्यक आजीविकेत फसवणुकीला जागा नाही.

चौथा मुद्दा वसुलीचा. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असेल तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यामहिन्याला चक्रवाढ व्याज लागते. तक्रारीसाठी राज्यात सुविधा परिषद आहे. यासाठी उद्यम नोंदणी लागते, आणि ती मोफत होते. नोंदणी माल देण्यापूर्वीच करावी, म्हणजे पुढे वाद उरत नाही. मागणी लेखी घ्यावी, माल पोचल्याची सही घ्यावी. एवढे केले असते, तर त्या भगिनीचे पूर्ण पैसे व्याजासह मागता आले असते.

केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी 25 टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, आणि त्यातील 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून, असे सरकारचे धोरण आहे. निविदेचा अर्ज मोफत आणि अनामत रक्कम माफ आहे. पण एकट्या कारागिराला निविदा भरणे अवघड जाते. महाराष्ट्रात वेगवेगळ्या कुटुंबांतील दहा व्यक्ती एकत्र आल्या तर 1960 च्या कायद्याखाली सहकारी संस्था नोंदवता येते. बांबूची एकत्र खरेदी, भिजवायला एक टाके, एक बिलबुक, एक बँक खाते. दहा घरे एकत्र आली की दुकानदाराचा सूर बदलतो.

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आमचे काही कार्यकर्ते विचारतील, "बाबासाहेबांनी जातीचे धंदे सोडा म्हटले आणि तुम्ही टोपल्या विणायला सांगता?" प्रश्न रास्त आहे. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी मांडले. त्यांचा विरोध हातांच्या कौशल्याला नव्हता, जन्माने लादलेल्या कामाला होता. 1928 साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतनासंबंधी विधेयक मांडले. त्यात बलुत्याऐवजी रोख मोबदला आणि चाकरी सोडण्याची मोकळीक, या दोन्ही गोष्टी होत्या. हाच मापदंड आज लावला पाहिजे: पूर्ण दाम आणि सोडून जाण्याचे स्वातंत्र्य.

या मापदंडावर सरकारी धोरण उतरत नाही. विश्वकर्मा योजनेत 1 लाखाचे आणि नंतर 2 लाखांचे कर्ज 5 टक्के व्याजाने मिळते, अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत मिळतात. ते जरूर घ्यावेत, तो आपल्याच कराचा पैसा आहे. पण योजनेचा पायाच कुटुंबाच्या परंपरागत धंद्यावर आहे. याच कारणावरून तामिळनाडू सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये ती नाकारली आणि जातीची अट नसलेली स्वतःची योजना आणली. दुसरीकडे, 2016 च्या बालकामगार कायदा दुरुस्तीने 14 वर्षांखालील मुलांना शाळेनंतर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा दिली. घरचा धंदा म्हणजे कोणाच्या घरी वकिली आणि कोणाच्या घरी बांबू सोलणे, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक नव्हते काय?

आमचे म्हणणे साधे आहे. बुरुडाच्या मुलीने इंजिनीअर व्हावे, आणि ज्याला आवड आहे अशा कोणत्याही जातीच्या मुलाने बांबूकाम शिकावे. ज्या दिवशी टोपली विणणाऱ्याची जात विचारावी लागणार नाही, त्या दिवशी तो धंदा खऱ्या अर्थाने शाश्वत होईल. तोवर आपल्या वस्तीतील प्रत्येक कारागिराच्या घरी जा. त्याची वही पाहा. त्या वहीत रेघा असतील, तर त्याच्या शेजारी बसून पहिले बिल लिहून द्या.

जयभीम!