वागळेंचा व्हिडिओ फॉरवर्ड करणाऱ्यांनो

9 फेब्रुवारी 2024 रोजी पुण्यात निखिल वागळे यांच्या गाडीवर भाजप कार्यकर्त्यांनी हल्ला केला. रात्री शहापूर-मुरबाडच्या आमच्या प्रत्येक ग्रुपवर तोच व्हिडिओ. खाली शेरे : "शेर आहे", "आपला माणूस". हल्लेखोरांचा राग आलाच. पण हे "आपला" वाचून आपल्या लोकांचाही आला.

वागळे आपले कधी झाले? 1990 साली 'महानगर' काढले तेव्हापासून शिवसैनिकांचा मार त्यांनी खाल्ला. 2009 मध्ये 'आयबीएन लोकमत'चे ऑफिस फोडले गेले. 2014 ला ते चॅनल सुटले, 2017 ला टीव्ही-9 वरचे 'सडेतोड' बंद झाले. या सगळ्या वेळी आपण कुठे होतो? आणि उद्या त्यांनी आपल्याच एखाद्या मौलानाला तसेच खडसावून विचारले, तर हाच ग्रुप त्यांना काय काय म्हणेल, ते मला माहीत आहे. तुम्हालाही.

असा माणूस स्टुडिओतून गेला की नुकसान कुणाचे होते? आमच्या तालुक्याचे. तानसा, भातसा, मोडकसागर, मुंबईचे बहुतेक पाणी शहापूरच्या बाजूने जाते आणि धरणाशेजारच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघतात. मुरबाडच्या बारवीचे पाणीही कारखान्यांना नि शहरांना. हे मंत्र्याला समोर बसवून, उत्तर मिळेपर्यंत विचारणारा अँकर आज किती चॅनलांवर आहे? ऑगस्ट 2023 मध्ये सरळांब्याला समृद्धी महामार्गाचा गर्डर कोसळून 20 कामगार गेले, तेव्हा मात्र कॅमेऱ्यांची रांग लागली. मग रांग गेली. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीमागे जे मिळते त्यात पेट्रोलही सुटत नाही, तो तरी कुणाकुणाशी भांडणार?

जलशाला पाचशेची वर्गणी आपण बिनतक्रार देतो (द्यावी, माझी हरकत नाही). बातमीसाठी खिशात हात घातल्याचे मला आठवत नाही. पोरगा इंजिनिअर व्हावा, नाहीतर दुबईला जावा.

आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी बारावीनंतर पत्रकारिता शिकायची म्हणत होती. मी तिच्या अब्बांना भेटलो. "भाईजान, त्यात काय ठेवलंय? उद्या कुणी गाडी फोडली तर?" ते म्हणाले. वागळेंचा व्हिडिओ त्या रात्री मला पहिल्यांदा त्यांनीच पाठवला होता.