‘वीस एक’ला हसले कोण?

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीस ही संख्या ‘वीस एक’ अशीही वाचायला दिली आणि महाराष्ट्रात हशा पिकला. विधानसभेत पुढाऱ्यांच्या आडनावांची फोड करून विनोद झाले. मराठी बुडाली, अशी ओरडही झाली. जुनी नावे पुस्तकातून काढलेली नव्हती, हे समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर सांगत राहिल्या.

आमचे म्हणणे वेगळे आहे. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. ‘त्रेपन्न’ ऐकून मूल ३५ लिहिते ते मठ्ठ म्हणून नव्हे. ‘एकोणसाठ’मध्ये तर साठातून एक वजा करायचा, आणि वजाबाकी अजून नीट शिकायचीच असते! कन्नड, तेलुगूत वीस आधी, एक नंतर. इंग्रजीतही तसेच, म्हणजे इंग्रजी माध्यमातल्या पोराची ही अडचण आपोआप टळते.

ज्यांच्या घरात आजोबांपासून पाढे पाठ, त्यांना हसणे परवडते. वीटभट्टीवरच्या, ऊसतोड कामगाराच्या लेकराला घरी कोण शिकवणार? त्याला दहा काड्यांचा गठ्ठा बांधून दशक दाखवणारा शिक्षक हवा. त्याला मात्र निवडणुकीच्या कामाला जुंपले जाते. हिशेब न येणाऱ्याला सावकार आणि मुकादम कसे लुटतात, हे आमच्या वस्त्यांना सांगायला नको.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. २०२१ च्या ‘निपुण भारत’ने तिसरीपर्यंत संख्याज्ञान देण्यासाठी २०२६-२७ ची मुदत ठरवली. त्या हिशेबात भट्टीवरच्या आणि फडावरच्या मुलांचा आकडा सरकारने वेगळा छापावा, ही आमची मागणी आहे.